शिमग्यातलं कुलूप आणि लॅपटॉपचा पंखा

माझ्या लॅपटॉपच्या पंख्यामुळे आमच्या चाळीतल्या मावशीची खोली जायची वेळ आली होती. वाक्य वेडगळ वाटतं. वाटू दे. ज्या व्यवस्थेत माणसाची खोली पंख्यावर अवलंबून राहते, ती व्यवस्था वेडगळ आहे. मी फक्त झालं ते लिहिते आहे.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. काळाचौकीला आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहणारी, आणि म्हणून सगळ्या मजल्याची मावशी. नवरा गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग नवरा गेला. तेव्हापासून ती मालवणी मसाला करून विकते. मिरच्या गॅलरीत वाळवायच्या, घरात भाजायच्या, लालबागला नेऊन डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणायच्या, पिशव्या भरायच्या. आमच्या मजल्यावर पाहुणा आला की जिन्यातच शिंकायला लागतो. आम्हाला काही होत नाही. आमची नाकं मेली आहेत.

चाळीचा पुनर्विकास निघाला तेव्हा कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवायला माणसं पाहणीला आली. कधी आली? शिमग्यात. आता मला सांगा, मुंबईत वाढलेल्या कुठल्या माणसाला हे माहीत नसतं की शिमग्याला कोकणातली माणसं गावाला जातात? पालखी दारात येते, गावचं घर उघडं लागतं, जावंच लागतं. त्या आठवड्यात आमच्या चाळीच्या गॅलरीतून चाललं की दोन्ही बाजूंना फक्त कुलपं दिसतात. नेमक्या त्याच आठवड्यात ही माणसं आली, कुलपं मोजली आणि शेरा मारून गेली: ‘खोली बंद. वापर नाही.’

वापर नाही! लग्न करून ज्या खोलीत आली, जिथून नवऱ्याला उचलून नेलं, जिथे आजही तिची चूल पेटते, त्या खोलीचा वापर नाही!

बाकीच्या कुलूपवाल्यांनी परत आल्यावर धावपळ केली. कुणाचा मुलगा साहेबांना भेटला, कुणाचा जावई ओळखीतला निघाला, शेरे बदलले. मावशीला मुलगाही नाही आणि जावईही नाही. तिचं नाव अपात्रांत राहिलं. तिने अपील केलं, म्हणजे आमच्या भाडेकरू समितीतर्फे मी तिचं अपील लिहिलं, आणि पावसाळ्यात सुनावणी लागली. ऑनलाइन. त्या दिवशीच्या सगळ्या अर्जदारांनी एकाच लिंकवर यायचं, आपापल्या पाळीची वाट बघायची. एका अर्जदाराला एकच जोडणी. कागद संगणकाच्या पडद्यावरून दाखवायचे, मोबाईलवरून चालणार नाही. मावशीचा मोबाईल बटणांचा. तिला ‘लिंक’ म्हणजे काय हे सांगायला मला अर्धा दिवस लागला आणि शेवटी ती म्हणाली, “म्हणजे कोर्टात जावचा नाय, पण कोर्टान आपल्या घरात येवचा.” यापेक्षा नीट व्याख्या मी ऐकलेली नाही.

चाळीत माझ्याशिवाय लॅपटॉप एकाचकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे. “ऑफिसचा आहे गं, आत काही टाकलं तर लगेच मेल येतो,” असं म्हणून त्याने हात वर केले. तेव्हा माझा.

माझा लॅपटॉप कुठल्यातरी कंपनीने टाकून दिलेला, कुणाच्यातरी हातून माझ्याकडे आलेला. हेडफोनचं भोक पहिल्या दिवसापासून मेलेलं. विंडोज त्याच्या छातीवर बसल्यासारखं चालायचं, म्हणून ते काढून मी त्यावर लिनक्स टाकलं. ते फुकट आहे, मोकळं आहे, कुणाच्या बापाचं नाही. याविषयी मी लोकांना नको असताना भाषणं दिली आहेत. भाडेकरूंच्या समितीची सगळी पत्रकं मी त्याच यंत्रावर लिहिते. लिहायलाही समितीतच शिकले. पहिल्या ओळीत कुणी काय केलं, दुसऱ्या ओळीत कुणाचं काय गेलं, तिसऱ्या ओळीत आता काय करायचं. बस.

गेल्या काही आठवड्यांपासून त्याचा पंखा ओरडायला लागला होता. सुरू केला की थोडा वेळ गप्प, मग घरघर, मग शिट्टी, मग पूर्ण वेग. माझी आई म्हणायची, “ह्याला पण पगारवाढ हवीय वाटतं.” मी हसायचे. पत्रक लिहिताना पंखा ओरडला म्हणून कुणाचं काय बिघडतं?

सुनावणीच्या दिवशी कळलं काय बिघडतं ते.

मावशी ठेवणीतलं पातळ नेसून माझ्या शेजारी बसली. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत कुणीतरी आपापल्या खोलीत ताठ बसलेलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मावशीचं नाव पुकारलं. मी माइक चालू केला. आणि त्याच क्षणी पंख्याने जोर धरला.

“कोण बोलतंय? आवाज येत नाहीये,” साहेब म्हणाले.

मावशी लॅपटॉपकडे वाकून बोलायला लागली. पंखा आणखी मोठ्याने.

“अहो, मागे काय चाललंय? मिक्सर बंद करा.”

“मिक्सर नाही साहेब, लॅपटॉपचा पंखा आहे,” मी ओरडले.

“काय? काय शिमगा लावलाय तिथे?”

बास. मावशीला फक्त तो एकच शब्द नीट ऐकू गेला. ती ताडकन सरळ झाली. “होय साहेब! शिमग्याकच गेल्लंय! ताच सांगतंय मी तुमका! शिमग्याक गेल्लंय म्हणान कुलूप होता!”

साहेबांना काही कळलं नाही. चौकटींमधली कोकणातली माणसं मात्र हसताना मला दिसली. साहेबांना वाटलं बाई उर्मटपणा करते आहे. त्यांनी समोरचा कागद उलटला आणि सांगितलं, “अर्जदाराचं म्हणणं ऐकू येत नाही. पुढच्या गुरुवारी शेवटची संधी. आवाज नीट करून या. नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय देऊ.”

आहे त्या कागदांवर काय होतं? ‘वापर नाही.’

लॅपटॉप मिटला तरी मावशी त्याच्याकडेच बघत होती. “माका ऐकाक येता, तेका कित्याक येत नाय?”

मी इतकी चिडले होते की बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या. साहेबावर, पाहणीवर, पंख्यावर, सगळ्यांवर.

मावशीने स्वतःच पहिला उपाय केला. संध्याकाळी बघते तर माझा लॅपटॉप ओल्या फडक्यावर ठेवलेला. “तापता मा? ताप इलो की घडी ठेवतत,” ती म्हणाली. मी ओरडून तो उचलला. तिने तोंड फिरवलं. मग मला वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला, कारण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादरला गेले. स्टेशनच्या जवळ, जिथे मोबाईलपासून इस्त्रीपर्यंत सगळं दुरुस्त होतं, तिथल्या एका गाळ्यात. दुकानदाराने लॅपटॉप चालू केला, पडदा बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“मॅडम, हे काय टाकलंय?”

“लिनक्स.”

“तरीच. विंडोज टाकून देतो, पंखा गप्प होईल.”

“का होईल?”

“म्हणजे काय का? होतो.”

“कारण सांगा ना.”

“असं करा, घरी कुणाला थोडं समजत असेल ना, भाऊ वगैरे, त्यांना पाठवा. त्यांना समजावतो.”

मला भाऊ नाही. असता तरी पाठवला नसता. मी काउंटरवर कोपर टेकून म्हटलं, “विंडोज टाकायचं नाही. माझ्यासमोर उघडा आणि पंखा साफ करा. भाऊ आला असता तरी पंखा हाच असता.”

त्याने उघडला. मागचं झाकण निघालं आणि आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. पंख्याच्या पात्यांवर आणि हवा बाहेर जाते त्या जाळीवर तांबडट, तेलकट थर बसलेला, घोंगडीसारखा. त्याने विचार न करता हवा मारायचं मशीन लावलं. मी “थांबा” म्हणेपर्यंत उशीर झाला होता. सगळ्या गाळ्यात तांबडा धुरळा उडाला. दुकानदार शिंकायला लागला, स्क्रीनगार्ड लावून घ्यायला आलेल्या दोन बाया शिंकत फुटपाथवर पळाल्या, शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावला आणि तोही शिंकला. मी एकटी उभी, कोरडी.

“ये क्या भरा है अंदर?” तो डोळे पुसत म्हणाला. मराठी विसरला होता.

“मालवणी मसाला,” मी म्हटलं. “घरचा आहे. चांगला आहे.”

साफ झालं, आतली उष्णता ओढून घेणारी नवीन पेस्ट लागली, मी घरी आले. पंखा गप्प. मावशीने लांबूनच कान देऊन खात्री केली. रात्रीचं जेवण होईपर्यंत पुन्हा घरघर, पुन्हा शिट्टी. सुरुवातीला वाटलं दुकानदाराने काहीतरी बिघडवलं. त्याने ते केलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं, पण नव्हतं केलं. हवेला रस्ता मिळाला होता. आत कशानेतरी यंत्र तापत होतं, म्हणून पंखा फिरत होता. एवढं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त त्याच्याकडे बघत बसले, त्याने माझी बदनामी चालवल्यासारखी.

मग मी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या जागी प्रश्न टाकला. माझं इंग्रजी पत्रकातलंच: कुणी काय केलं, कुणाचं काय जातंय, काय करायचं. उत्तरं आली. एकाने लिहिलं, माझ्याकडे अगदी शांत चालतं. वा! अभिनंदन! दुसऱ्याने विचारलं, आधी शोधलंस का? तिसऱ्याने सांगितलं, ही जात टाकून दुसऱ्या जातीचं लिनक्स घाल. मग तिसऱ्या आणि चौथ्याची तिथेच जुंपली, कुठली जात श्रेष्ठ म्हणून, आणि माझा पंखा बाजूला राहिला. मोकळ्या यंत्रांच्या मोकळ्या माणसांनीसुद्धा जातीच काढाव्यात? मी दोन शब्द सुनावले. मला ताकीद मिळाली, भाषा सांभाळ.

एक गोष्ट मात्र तिथे खरी कळली. पंखा कधी आणि किती फिरवायचा, याची किल्ली यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या हातात असते, आणि पुष्कळ कंपन्या ती किल्ली फक्त विंडोजसाठी देतात. बाकीच्यांनी अंदाजाने चालवायचं. म्हणजे वस्तू विकायची आणि तिच्या पंख्याची चावी खिशात ठेवायची! मालक बदलला, नियम तोच. यावर मी एक वेगळं पत्रक लिहीन.

तिथल्याच एकाने मला आज्ञांच्या चार ओळी दिल्या. त्या टाकल्या की पंख्यावर आपला ताबा येतो आणि वेग बांधून ठेवता येतो. खाली त्याने इशाराही दिला होता, स्वतःच्या जबाबदारीवर कर. मी केलं. पंखा सगळ्यात कमी वेगावर बांधला. खोली एकदम शांत. आई म्हणाली, “अगं बाई, आपल्याकडे घड्याळ टिकटिकतं होय?”

त्या खुशीत आम्ही सुनावणीची तालीम घेतली. आई साहेब झाली. चष्मा नाकावर ओढून पलंगावर बसली. मावशी लॅपटॉपसमोर.

“नाव सांगा,” आई म्हणाली.

“तुका म्हायत नाय?”

“मावशी, ती आता साहेब आहे!” मी म्हटलं.

“साहेब? काल माझ्याकडसून वाटीभर मसालो नेल्यान तो परत नाय दिल्यान, आणि साहेब!”

“अर्जदार बाई,” आई गंभीरपणे म्हणाली, “मसाल्याचा विषय या सुनावणीत येत नाही.”

मावशीने नाव सांगितलं. लग्न करून कधी आली, नवरा कुठल्या खात्यात होता, खोली कुणाच्या नावावर होती, मग तिच्या नावावर कशी झाली, सगळं सांगायला लागली. तिचा आवाज हळूहळू नीट होत गेला. मला पहिल्यांदा वाटलं, जमेल. ती शिमग्यावर आली. “पालखी दारात येता, तेव्हा घर बंद ठेवून चलात काय...” आणि पडदा काळा झाला.

सगळा. लॅपटॉपचा दिवाही गेला. मी हात लावला तर खालची बाजू तव्यासारखी.

“मेलो काय गो?” मावशीने विचारलं.

“नाही. तापला आणि बंद पडला.”

“साहेबासमोर पडलो असतो तर?”

तिने आरोप केला नव्हता, प्रश्नच विचारला होता. पण मला तो थोबाडीत बसला. हाच लॅपटॉप सुनावणीच्या मध्यावर असा विझला असता, तर ‘अर्जदार सुनावणी सोडून गेल्या’ एवढंच नोंदलं गेलं असतं. मी ती आज्ञा काढून टाकली. पंखा मोकळा झाला आणि लगेच बोंबलायला लागला. बोंबल! मी त्याला म्हटलं. आता तुझं तोंड धरत नाही. तुला तापवतंय कोण ते बघते.

रविवारी सकाळी बसले. पत्रकं लिहिताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो: यात फायदा कुणाचा? यंत्राच्या बाबतीत प्रश्न असा की आत राबतंय कोण? लिनक्समध्ये एक साधी आज्ञा आहे, ती दिली की आत चाललेल्या सगळ्या कामांची नावं दिसतात आणि सगळ्यात जास्त राबणारं वर येतं. मी काहीही चालू केलं नव्हतं. ब्राउझर बंद, लिहायचं काही उघडं नाही. तरी एक नाव सतत डोक्यावर बसलेलं. थोडा वेळ गायब व्हायचं, पुन्हा वर. गायब, पुन्हा वर. त्याच्या वर येण्याबरोबर पंखा चढायचा.

ते नाव कशाचं हे शोधलं. आपण फाइल शोधतो ना, शब्द टाकला की पटकन सापडते, त्यासाठी एक प्रोग्रॅम मागे बसून सगळ्या फाइली आधीच वाचून ठेवत असतो. तो हा. मग तो थांबत का नव्हता? एवढं काय होतं माझ्याकडे वाचायला?

होतं. फणसवाडीच्या प्रेसवाल्या काकांचं सगळं आयुष्य होतं.

काका म्हणजे आमच्या समितीची पहिली पत्रकं छापणारे. गिरगावात त्यांची टीचभर प्रेस होती, ती बंद केली तेव्हा संगणकावरचा सगळा संग्रह त्यांनी मला पेनड्राइव्हवर दिला. संपाची पत्रकं, मोर्चांची बोलावणी, मंडळांच्या वर्गण्यांची आवाहनं. मी तो फोल्डर मोठ्या प्रेमाने लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. पंखा ओरडायला लागला तो त्याच सुमारास, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता ज्यांनी मराठी छपाईत काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पण इतरांसाठी सांगते. पूर्वी प्रत्येक प्रेसचा मराठी फॉन्ट वेगळा असायचा. कागदावर ‘कामगार’ छापून यायचं, पण फाइलच्या आत मराठी नसायचीच. आत असायची इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस, टिंबं. तो फॉन्ट लावला की त्या कचऱ्याला मराठी कपडे चढायचे. मी काकांचं एक पत्रक उघडलं. पडद्यावर सुंदर, ठसठशीत मराठी. त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली तर नुसता उकिरडा. माझा बिचारा प्रोग्रॅम दिवसरात्र तो उकिरडा वाचत होता. त्यातल्या काही फाइली जुन्या, तुटक्या. त्यांवर आला की कोसळायचा, उठायचा आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागायचा. कोसळल्याच्या नोंदी यंत्राने इमानाने करून ठेवल्या होत्या. पानंच्या पानं.

मी काकांना फोन लावला. “काका, तुमच्या पत्रकांनी माझा लॅपटॉप तापतोय.”

“आमच्या पत्रकांनी मालक तापायचे,” ते म्हणाले. “लॅपटॉपचं काय घेऊन बसलीस!”

“हसू नका. गुरुवारी मावशीची सुनावणी आहे.”

“मग फोल्डर बाजूला कर. पण उडवू नकोस हं. बाजूला कर.”

“उडवेन कशी?”

त्या प्रोग्रॅमला सांगता येतं, हा फोल्डर वाचू नकोस. सेटिंगमध्ये तसा रकाना आहे. मी तिथे पोचले आणि माझी बोटं थांबली. आमची पत्रकं शोधातून वगळा, असं मी माझ्या हाताने सांगायचं? आमच्या लोकांचं लिहिलेलं कुणालाच वाचता येत नाही, यंत्रालासुद्धा, कारण मराठीसाठी वेळेवर एक फॉन्ट ठरवायची कुणाला गरज वाटली नाही. आणि आता ते अडचण होतंय म्हणून गाळा! दादरच्या दुकानात चिडले नव्हते एवढी मी त्या रकान्यावर चिडले. पण मावशीची खोली माझ्या चिडण्यासाठी थांबणार नव्हती. मी वगळलं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला.

पंखा उतरत गेला. शिट्टी गेली, घरघर गेली. दुपारपर्यंत चालू ठेवला, संध्याकाळपर्यंत ठेवला. वरचं नाव पुन्हा वर आलं नाही. या सगळ्यात मी कुणाकुणावर ओरडले ते लिहीत नाही. त्यातले निम्मे ओरडून घ्यायच्याच लायकीचे होते.

गुरुवारी मावशीचं नाव पुकारलं गेलं आणि साहेब म्हणाले, “हां, आता येतोय आवाज. बोला.”

ती बोलली. तालमीत बोलली त्यापेक्षा चांगलं, साहेबांना कळावं म्हणून शक्य तितकं पुस्तकी मराठी ओढून आणत. मी कागद एकेक करून पडद्यावर दाखवत होते. आमच्या बाजूला इतकी शांतता होती की साहेबांच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. ते कुणाशी तरी दुसऱ्या फोनवर बोलत होते. “नाही नाही, चालूच आहे इथे. तू बोल.” मावशी सांगत होती नवऱ्याचं शेवटचं आजारपण, आणि पलीकडून, “मग पार्किंगचं काय ठरलं?” मावशीला वाटलं तिला विचारलं. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बोलायला लागली.

आणि मग पडद्यावर खाली आमच्या माइकवर तांबडी रेघ आली. मी लावलेली नव्हती. साहेबांनी त्यांच्याकडून आमचा आवाज बंद केला होता. स्वतःचं फोनवरचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

मावशी बोलतच होती. तिला काय माहीत!

मी खाली लिहायच्या जागेत टाइप केलं, सगळ्यांना दिसेल असं: “अर्जदार बोलत असताना त्यांचा आवाज आपल्याकडून बंद करण्यात आला आहे. सुनावणी चालू आहे. नोंद व्हावी.” आयुष्यभर पत्रकं लिहिली, पण इतकं लहान आणि इतकं कामाचं याआधी लिहिलं नव्हतं.

आधी काहीच झालं नाही. मग एक चौकट उजळली, चिंचपोकळीकडचे एक गृहस्थ, बनियनवर शर्ट घातलेले आणि वरचं बटण राहिलेले. “साहेब, त्या बाईंचा आवाज बंद केलाय तुम्ही. त्या बोलतायत.”

दुसरी चौकट. “चालू करा त्यांचा.”

“अहो, आम्ही पण लाइनीत आहोत. आमचाही असाच बंद करणार काय?”

“साहेब, फोन ठेवा ना जरा!”

“एकेक बोला! एकेक!” साहेबांनी मान वर केली. “चुकून लागलं असेल बटण.” तांबडी रेघ गेली.

तोवर मावशीचं बोलून संपलं होतं. ती हात जोडून बसली होती, सगळं सांगून झालेल्या माणसासारखी. मी तिच्या कानाशी म्हटलं, “मावशी, पुन्हा सांग. पहिल्यापासून.”

“परत?” ती म्हणाली, चालू माइकवर. “तो बहिरो हा काय?”

चौकटी हसल्या. साहेबसुद्धा ओशाळून हसले आणि त्यांनी फोन उलटा ठेवला. ते मी बघितलं. मावशीने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, या वेळी सगळं मालवणीत, अजिबात घाई न करता. शेवटी साहेबांनी विचारलं, “तुम्ही त्या आठवड्यात गावी होता, याचा काही पुरावा?” बनियनवाले गृहस्थ मध्येच बोलले, “साहेब, त्या आठवड्यात गावी नव्हता असा कोकणी माणूस तुम्ही पुराव्याने दाखवा.”

साहेबांनी फेरपाहणीचा आदेश दिला.

फेरपाहणीला पंधरवड्याने एक कारकून आला. सकाळी, भर दिवसा, आणि मावशी घरात होती. त्याने खोली बघितली, मीटर बघितलं, फोटो काढले, आणि लिहिलं: ‘खोली वापरात आहे.’ मावशीने त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. त्याने वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

मग तिने त्याला विचारलं, “आता गणपतीक मी गावाक गेलंय तर चलात मा?”

त्याला आधी कळलंच नाही. मी मराठीत सांगितलं. तो हसला. “जा की आजी. कोण अडवतंय?”

“लिहून द्या,” मी म्हटलं.

“काय लिहून द्या?”

“की कुलूप लावून गावाला जायला हरकत नाही.”

“असं कसं लिहून देता येईल, मॅडम?” त्याने कागद पिशवीत भरले. “अंतिम यादी लागेपर्यंत जरा सांभाळून. मी आपलं सांगून ठेवतो.”

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आमची चाळ रिकामी झाली. पिशव्या, ट्रंका, माळ्यावरची आरास, सगळं जिन्याने खाली गेलं. मावशीने गावच्या जावेला फोन करून सांगितलं की या वर्षी आमच्या घरचा गणपती तुम्हीच बसवा. कारण विचारलं तर म्हणाली पाय दुखतात. तिचे पाय दुखत नाहीत. ती आजही मिरचीची पिशवी खांद्यावर टाकून डंखावर चालत जाते.

गणपतीचे सगळे दिवस ती दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसून होती. कुणी जिना चढताना दिसलं की उठून उभी राहायची.